चोवीस नव्हे

लिक फोर्क, केंटकी
१४ नोव्हेंबर १८०८

श्रीमती टॅबिथा हॅस्कल यांस,

आपले पती ओबेड हॅस्कल आणि मिस्टर लायनस क्रेनशॉ यांच्यातल्या जमिनीच्या दाव्याचा निकाल या कोर्टाने परवा दिला, तो आपणास विदित आहेच. निकालाची नक्कल सोबत जोडली आहे.

हे लिहून झालं आणि माझं मलाच हसू आलं. जिनं मला बायबलच्या पानावर बोट फिरवून अक्षरं शिकवली तिला मी 'आपण' म्हणतोय. तर ऐक, टॅबी.

कोर्टातून निघताना तू दारात थांबून म्हणालीस, "एल्काना, तुझ्या अंगातला कोट मी शिवलाय, तेवढं लक्षात असू दे." बाराच्या बारा ज्यूरींनी ते ऐकलं. मी गप्प बसलो, कारण न्यायाधीशानं खुर्चीतून असल्या गोष्टींना उत्तर द्यायचं नसतं. आता घरी आहे, म्हणून देतो. कोट लक्षात आहे. व्हर्जिनियाहून इकडे येताना आई वाटेतच गेली तेव्हापासून तू माझ्यासाठी जे जे केलंस ते सगळं लक्षात आहे. पण कोर्टात त्याचा काय संबंध?

क्रेनशॉचा कागद १७८२ सालचा. ओबेड म्हणतो, आपली मोजणी त्याच्या दोन वर्षं आधीची, १७८० ची, आणि कोपऱ्यावरच्या बीचच्या झाडावर तेव्हाच खूण केली. म्हणजे सगळा वाद त्या खुणेच्या वयाचा. मी काही नवीन केलं नाही. नेहमीच्या रीतीनं खुणेपाशी लाकडाचा ठोकळा कापून आणवला. लाकडाला घाव बसला की झाड दरसाल त्यावर एक वलय चढवतं. अठ्ठावीस वलयं निघाली असती तर वुल्फपेन नाल्याकाठची चारशे एकर ओबेडची होती. ज्यूरीतल्या एकानं तेवीस मोजली, दुसऱ्यानं पंचवीस, आणि त्यांची हमरीतुमरी सुरू झाली. शेवटी म्हणाले, "जज्जसाहेब, तुम्हीच मोजा, तुमची नजर चांगली आहे." मी टाचणी घेऊन सालीपासून आत मोजत गेलो. चोविसाव्या वलयाला घाव लागला. म्हणजे खूण १७८४ ची, क्रेनशॉच्या नंतरची.

ओबेड खोटं बोलला असं मी कुठेही लिहिलेलं नाही. गावात लोक तसं बोलत असतील तर तो गावाचा प्रश्न आहे. घर रिकामं करायला मी माझ्या अधिकारात मार्चपर्यंत मुदत दिली आहे. क्रेनशॉ डिसेंबर म्हणत होता.

तुझा भाऊ,
एल्काना प्रूइट

—

राजधानीहून
२ मे १८१२

टॅबिथा,

माझी आधीची चारही पत्रं परत आली. पत्राचं हशील घेणाऱ्यानं भरायचं, त्यामुळे नको असलेलं पत्र परतवायला फक्त मान हलवावी लागते. वॉबॅश नदीपलीकडे तुमच्या त्या नव्या वस्तीत टपाल ठेवणारा एक मोची आहे म्हणे. तू काय म्हणालीस ते त्यानं पहिल्या पत्रावर लिहूनही पाठवलं: 'बाई म्हणतात, या माणसाला ओळखत नाही.' मोच्याचं अक्षर सुरेख आहे.

तरी लिहितो. सवय आहे.

१८०९ च्या वसंतात मला राज्याच्या वरच्या कोर्टात घेतलं. ज्यांनी घेतलं त्यांनी भाषणात म्हटलं की, प्रूइट हा सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याविरुद्ध निकाल देणारा माणूस आहे, आणखी काय पुरावा हवा? त्यावर टाळ्या पडल्या. मीही खाली बघून नम्र दिसलो.

माझ्यासारखा माणूस न्यायाधीश कसा झाला याचं नव्या वकिलांना फार कुतूहल असतं. मी सांगतो की, माझ्याकडे कायद्याची दीड पुस्तकं होती, कारण दुसऱ्याचा अर्धा भाग नदी ओलांडताना भिजला. त्या भिजलेल्या भागात काय होतं ते मला अजून माहीत नाही. पहिली सहा वर्षं कोर्ट दारूच्या गुत्त्यात भरायचं. गुत्तेवाला मला म्हणायचा, "जज्जसाहेब, फाशीची शिक्षा जेवणानंतर द्या. आधी दिलीत की गिऱ्हाईक जेवत नाही." ज्यूरीला विचार करायला खोली नव्हती, म्हणून मक्याच्या कणगीत कोंडायचं. एकदा तीन दिवस त्यांचं एकमत होईना. चौथ्या दिवशी कळलं, कोणीतरी फटीतून व्हिस्की आत सोडत होतं आणि त्यांना बाहेर यायचंच नव्हतं.

आता गुत्ते गेले, विटांची कोर्टं आली, आणि मी 'वलयवाला जज्ज' झालो. चार जिल्ह्यांतून माझ्यापुढे ठोकळे येतात. परवा एका नव्या पोरगेल्या वकिलानं विचारलं, "साहेब, ह्यात कधी चूक झाली का हो?" मी म्हटलं, "माणसं चुकतात. झाडाला कोणाशी नातं सांभाळायचं नसतं." त्यानं ते वहीत टिपून घेतलं. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. डुकराचं मांस खारट होतं.

माझे सासरे, लुक्रेशियाचे वडील, म्हणजे तुमचे जुने शेजारी हॅमिल, फेब्रुवारीत गेले. मिळकतीच्या वाटणीत त्यांचा केटो आमच्याकडे आला. तुला आठवत असेल, हॅमिलांचा तो कुऱ्हाडवाला. कमी बोलतो. घरात गुलाम नको असं मी लग्नात म्हणालो होतो. वाटणीच्या दिवशी काही म्हणालो नाही. कागद शांतपणे सही करून घेतला.

ओबेडची तब्येत कशी आहे?

एल्काना

—

राजधानीहून
९ डिसेंबर १८१८

टॅबी,

ओबेड गेल्याचं मीठ विकत फिरणाऱ्या एका गाडीवानाकडून कळलं. त्यानं ते मिठाचा भाव सांगता सांगता सांगितलं. तो म्हणाला, "हॅस्कल होय? तो जमीन चोरायला निघालेला? दोन महिने झाले." ओबेड नदी ओलांडून तीन दिवसांच्या वाटेवर गेला, तरी ते नाव त्याच्या आधीच तिथं पोचलं होतं.

मी त्या गाडीवानाला म्हणालो, "तसं निकालात लिहिलेलं नाही." तो म्हणाला, "मग काय लिहिलंय?" मी मीठ घेतलं आणि पैसे दिले.

हेही पत्र परत येईल. परत येणाऱ्या पत्रात माणूस खरं लिहू शकतो, तेव्हा लिहितो.

ती खूण मी केली. तुला ठाऊकच आहे, कारण त्या सकाळी मक्याची भाकरी तूच बांधून दिली होतीस. एप्रिल १७८०. मोजणीदार टॉलिव्हर, ओबेड आणि अठरा वर्षांचा मी. साखळी ओढत नाल्याच्या कोपऱ्याशी आलो आणि मी कुऱ्हाड उचलली. टॉलिव्हरनं माझा हात धरला. "अरे गाढवा, कुऱ्हाडीचा आवाज मैलभर जाईल. शॉनी लोक पलीकडच्या टेकडीवर आहेत. चाकूनं कर, आणि लवकर कर." ज्यांची जमीन होती त्या मूळच्या रहिवाशांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं आम्ही ती मोजत होतो. त्यांना पुढे कोणी कुठल्या कोर्टात बोलावलं नाही. मी खिशातल्या चाकूनं ओबेडच्या नावाचं ओ आणि एच कोरलं. हात इतका थरथरत होता की एचचा शेवटचा पाय कोरताना चाकू घसरला आणि पातं अडकलं. ओबेडनं ते उपसून काढलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "झालं. आता ही जमीन आपली."

तेव्हा १८०८ च्या नोव्हेंबरात, टाचणी चोविसावर थांबली तेव्हा, मला खुणेचं वय पाठ होतं. टॉलिव्हर १७८२ मध्ये मारला गेला होता. ओबेड स्वतः पक्षकार, आणि स्वतःच्या दाव्यात माणसाला साक्ष देता येत नाही. तू त्याची बायको, तुलाही नाही. राहिलो मी. मला खुर्चीतून खाली उतरून, दुसऱ्या न्यायाधीशासमोर शपथ घेऊन सांगता आलं असतं.

तेव्हा विधिमंडळात माझ्याविरुद्ध अर्ज पडला होता की, प्रूइट नातेवाइकांना झुकतं माप देतो. तो धादांत खोटा होता. वरच्या कोर्टातली जागा रिकामी होणार होती. एवढंच. गेली दहा वर्षं याहून मोठं कारण शोधतोय, मिळालेलं नाही. चोवीस आकडा कुठून आला ते मला त्या दिवशीही कळलं नाही. पण आला तेव्हा मला हायसं वाटलं, हे मात्र स्पष्ट आठवतं. मला लाज वाटते, टॅबी.

एल्काना

—

लिक फोर्क, केंटकी
२० मार्च १८२६

टॅबी,

या पत्राच्या बाहेर, पत्त्याखाली, मी दोन शब्द लिहिले आहेत: 'चोवीस नव्हे'. ते वाचायला हशील पडत नाही. मोची अजून जिवंत असेल तर तो वाचून दाखवील. त्यावर तुला पत्र घ्यावंसं वाटलं तर पुढचं वाच.

मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. इथं परत येऊन राहिलो. चौसष्टाव्या वर्षी मला मेपलची साखर करायचं वेड लागलंय. केटो झाडांना भोकं पाडतो, मी कढईपाशी बसून रस ढवळतो आणि दोघंही धुरानं खोकतो.

गेल्या मंगळवारी तो एका झाडापाशी थांबला. कोणीतरी त्यावर चाकूनं नाव कोरलं होतं. मी म्हणालो, "झाडाची नासाडी." तो म्हणाला, "काही नाही होत, मालक. नुसत्या सालीला लागलंय. सालीला लागलेलं आत उतरत नाही. लाकडापर्यंत गेलं तरच आत डाग राहतो." आणि सहज पुढे म्हणाला, "हॅस्कलसाहेबांच्या बीचचं तसंच होतं."

मी ढवळायचं थांबलो.

"कुठल्या बीचचं?"

"नाल्याच्या कोपऱ्यावरच्या. आमचे जुने मालक हद्द फिरायला निघाले तेव्हा मी कुऱ्हाड घेऊन बरोबर होतो. अक्षरं होती झाडावर, पण मांजरानं ओरबाडल्यासारखी. मालक म्हणाले, 'हा कोणी पोरखेळ केलाय? मार नीट.' मग मी मारली, चांगली बोटभर खोल."

"कोणत्या साली, केटो?"

"साल मला कुठून माहीत असणार? बाईसाहेब जन्मल्या त्या वसंतात. घरी गेलो तर बाळंतपणाची धावपळ चालली होती."

लुक्रेशियाचा जन्म घरच्या बायबलात लिहिलेला आहे. ११ एप्रिल १७८४.

दर चार वर्षांनी शेजाऱ्यांनी मिळून हद्द फिरायची आणि जुन्या खुणा ताज्या करायच्या, ही रीत आपले लोक व्हर्जिनियाहून बरोबर घेऊन आले. ऐंशीत चार मिळवले की चौऱ्याऐंशी होतात. त्या रीतीवर मी स्वतः तीन निकाल दिलेत, टॅबी. तरी ते माझ्या डोक्यात आलं नाही. त्या वसंतात ओबेड हिवतापानं अंथरुणावर होता, तू त्याच्या उशाशी होतीस, आणि मी व्हर्जिनियात कायदा शिकत होतो. आम्ही कोर्टात मोजलं ते केटोच्या कुऱ्हाडीचं वय.

मी त्याला विचारलं, "मग दाव्याच्या वेळी बोलला का नाहीस?"

"मी तुमच्या खिडकीबाहेर हॅमिल मालकांचे घोडे धरून उभा होतो. सगळं ऐकलं. मालकांना ती खूण आठवली नाही, मला आठवली."

"तेच म्हणतोय. का नाही बोललास?"

"मालक, आदल्याच वर्षी त्याच खोलीत तुम्ही वाचून दाखवलं होतं की, गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्याची साक्ष चालत नाही. चांगलं खणखणीत वाचलं होतं. खिडकीबाहेरपर्यंत ऐकू आलं."

"आणि घरी? चौदा वर्षं माझ्या घरात आहेस."

"घरी तुम्ही विचारलं नाहीत." मग कढईकडे बोट दाखवून म्हणाला, "उतू जातंय."

निकालानंतर ओबेडनं तो ठोकळा कोर्टाकडून मागून नेला होता. मीच परवानगी दिली होती. तो अजून तुझ्याकडे असेल तर मला एकदा पाहायचा आहे. आत आणखी काही असेल अशी मला फारशी आशा नाही, पण मी त्या दिवशी पहिला घाव लागताच थांबलो. त्याच्या आत मोजलंच नव्हतं.

एल्काना

—

लिक फोर्क
३० जून १८२६

ताई,

मिठाच्या गाडीतून ठोकळा पोचला. उशीच्या अभ्र्यात गुंडाळून, वर दोरी बांधून. दोरीची गाठ तुझी. ती मी कापली नाही, सोडवली. अर्धा तास लागला.

तुझी चिठ्ठी मला पाठ झाली आहे, तरी इथं उतरवतो. मी तुझं म्हणणं कुठे बदलून घेतलं नाही हे तुला दिसावं म्हणून.

'एल्काना, ओबेडनं हे पहिल्याच हिवाळ्यात मोजलं. टाचणीनं टोचे मारलेत ते त्याचे आहेत. मी म्हटलं, लिहून कळव त्या शहाण्याला. तर म्हणाला, राहू दे गं, एवढा वर चढलाय, तिथून पडला तर फार लागेल. त्याच्यासाठी मी गप्प बसले. त्याच्यामागे पत्रं घेतली नाहीत ती माझ्या रागानं. इथं पोरं माझ्या नातवंडांना चोराची म्हणतात. मला जमीन नको. तू मोज, आणि मग उभा राहून सांग. पुष्कळ बसलास.'

मी ठोकळा खिडकीशी नेला. केटोच्या कुऱ्हाडीचा घाव स्पष्ट आहे, चोविसाव्या वलयावर. त्याच्या डाव्या अंगाला, कुऱ्हाड पोचली नाही तिथं, आणखी आत, एक काळी रेघ आहे. तांदळाच्या दाण्याएवढी. एचचा शेवटचा पाय. चाकू घसरून अडकला होता तो. बाकी दोन्ही अक्षरं सालीतच राहिली. मी घाबरलो होतो, तेवढाच घाव लाकडात उतरला.

ओबेडचे टोचे सरळ ओळीत आहेत. प्रत्येक वलयाला एक. मी त्यांच्याकडे न बघता मोजलं, मग त्यांच्यावरून मोजलं, मग पुन्हा. लुक्रेशिया आत आली आणि म्हणाली, "जेवायला चला, किती वेळ ते लाकूड घेऊन बसलात?" मी म्हणालो, "मोजतोय." ती म्हणाली, "किती झाले?" मी म्हणालो, "अठ्ठावीस," आणि मला रडू आलं. ती घाबरली. तिनं मला इतक्या वर्षांत रडताना पाहिलेलं नाही.

चोविसापासून चार वलयं आत. टाचणी आणखी चार वेळा टेकवायची होती.

कोर्टाच्या ऑक्टोबरच्या सत्रात जाईन.

एल्काना

—

लिक फोर्क
१७ ऑक्टोबर १८२६

ताई,

हे पत्र टपालानं येत नाही. केटो घेऊन येतोय. त्याला ठरवून दिलंय की, आधी त्यानं त्याचं सांगायचं आणि मग हे पत्र हातात द्यायचं. म्हणजे तू हे वाचते आहेस तेव्हा त्याचं बोलून झालेलं आहे. ही अट त्याची आहे. मी म्हणत होतो की आधी पत्र दे. तो म्हणाला, "तुमचं आधी वाचलं की माझं ऐकायला काय उरतं?"

त्याच्या मुक्ततेचा कागद ऑगस्टमध्ये झाला. मी तो हातात दिला तेव्हा त्यानं उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "साठाव्या वर्षी? गुडघे गेल्यावर?" कागद मात्र त्यानं नीट घडी करून आत ठेवला. तुझ्याकडून तो परत येणार की नाही ते मी विचारलेलं नाही.

आता कोर्टाचं. तू विचारशील म्हणून जसं झालं तसं लिहितो.

माझ्या खुर्चीत आता मेशॅक डन नावाचा न्यायाधीश आहे. माझ्याच हाताखाली शिकला. मी आत गेलो तसा तो उठून उभा राहिला. मी म्हणालो, "बस. आज मी उभा राहणार आहे." खोली भरली होती. वलयांवर मी दिलेले एकतीस निकाल आहेत, आणि आज प्रूइट काय बोलतो यावर त्यातले किती पुन्हा उघडता येतील याचा हिशेब वकिलांच्या चेहऱ्यावर दिसत होता. क्रेनशॉच्या मुलांनीही वकील पाठवला होता. जमिनीला धक्का लागत नाही, मुदत कधीच उलटून गेली, तरी पाठवला.

साक्षीदाराच्या जागेवरून ती खोली निराळी दिसते. खुर्ची फार उंच आहे. इतकी वर्षं त्यात बसून मला ते कळलं नव्हतं.

मी शपथ घेतली. १७८० च्या एप्रिलातली सकाळ सांगितली, चाकू सांगितला. १८०८ साली मला हे सगळं ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो, तेही सांगितलं, आणि का ते सांगितलं. क्रेनशॉच्या वकिलानं उठून विचारलं, "म्हणजे आपण त्या दिवशी जाणूनबुजून चुकीचा निकाल दिलात?" मी म्हटलं, "हो." तो बसला.

मग मी म्हणालो की, चौऱ्याऐंशीत ती खूण केटोनं कुऱ्हाडीनं ताजी केली. कारकून ल्यूथरची लेखणी थांबली. बिचारा माझ्याच वेळचा. हळूच म्हणाला, "जज्जसाहेब, हे नाव घालता येत नाही. दावा गोऱ्या माणसाविरुद्धचा आहे. तुम्हीच तर..." मी म्हणालो, "माहीत आहे." मेशॅक खाली बघत होता. ल्यूथरनं त्या ओळीवर काट मारली, मी शिकवल्याप्रमाणे एकच सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी.

मग मी ठोकळा हातात घेतला आणि टाचणीनं सालीपासून मोजायला लागलो. मोठ्यानं, एकेक. बाहेरचे घोडे ऐकू येत होते. वीस. एकवीस. बावीस. तेवीस. चोवीस.

आणि मी थांबलो. ठरवून नाही, ताई. जीभच थांबली. अठरा वर्षं ती त्याच आकड्यावर थांबत आली आहे. पुढचा आकडा काय असतो तेच मला आठवेना. मेशॅक वाट बघत होता. ल्यूथर वाट बघत होता. कोणीतरी खोकलं.

मागून, दारापाशी जिथं काळी माणसं उभी राहतात तिथून, केटोचा आवाज आला.

"पंचवीस."

सगळ्यांच्या माना वळल्या. शेरीफ एक पाऊल पुढे आला. मी हात वर केला आणि म्हणालो, "सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस. इथं माझा चाकू आहे. ओबेड हॅस्कल खरं बोलत होता." मेशॅकनं ते शब्द नोंदीत घ्यायला सांगितले आणि मला बसायला सांगितलं. मी बसलो नाही, बाहेर आलो.

काल नोंदीची नक्कल आणायला गेलो. ती सोबत आहे. वस्तीतल्या चर्चच्या दारावर लाव, म्हणजे तुझ्या नातवंडांना कोणी काही म्हणणार नाही. सगळं बरोबर उतरवलंय, फक्त एका ठिकाणी चोवीसनंतर सव्वीस आहे. मी ल्यूथरला विचारलं तर म्हणाला, "तो आकडा तुम्ही बोलला नव्हतात, साहेब, आणि ज्यानं उच्चारला त्याची साक्ष चालत नाही." कायद्यानं त्याचं बरोबर आहे. राज्याच्या दप्तरात ते तसंच राहील.

राहिलेला आकडा तुझ्यासमोर बसला आहे. त्याला जेवू घाल.

तुझा,
एल्काना